दोन दिवस की सहा

"दोन दिवसांचं की सहा दिवसांचं, ते आज संध्याकाळी चहाला बसलो की सांगा," कारखानीस मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बसवला. "आत्ता नको. आधी सड्यावरून फिरून या, मग बोला."

"आमचं ठरलंय मॅडम," सयाजी म्हणाला. "सहा."

"तुमचं म्हणजे कुणाचं?"

"माझं आन् हिचं."

"तिचं तिला सांगू दे."

ठरलं तर माझंही होतंच. सयाजी माझा आतेभाऊ, माझ्याच वयाचा. आमच्याकडं आतेभाऊ आणि मामेबहीण अशी जोडीची निघाली की नातेवाइकांना मुंडावळ्यांची घाई होते. ती घाई आम्ही दोघांनी मिळून हाणून पाडली होती आणि लग्नाऐवजी पाटणला सायकलींचं दुकान टाकलं होतं. दुकान बरं चाललं होतं, पण सयाजीच्या डोक्यात निराळंच खूळ होतं. शहरातल्या लोकांना माउंटन बाइकवर बसवायचं आणि आपले डोंगर दाखवत फिरवायचं. त्यासाठी गटनेत्याचं प्रमाणपत्र पाहिजे आणि आमच्या भागात ते देणाऱ्या एकट्या कारखानीस मॅडम. दोन दिवसांचं शिक्षण घेतलं तर गाडी पोचते तिथल्या रस्त्यांवर आणि खुणा केलेल्या वाटांवर लोक नेता येतात. सहा दिवसांचं घेतलं तर कुठंही नेता येतात. सडे, घाट, जंगल, जिथं हाक मारली तर ओ द्यायला माणूस नसतो अशा जागीसुद्धा.

"दोन दिवसांत काय हुतंय?" सयाजी आदल्या दिवसापासून सगळ्यांना ऐकवत होता. "दोन दिवसांत लगीनसुदिक उरकत न्हाई. करायचं तर मोठंच करायचं, उजे."

मलाही तसंच वाटत होतं. निदान त्या सकाळी तरी.

कुंभळणीचा सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं मैलोगणती पसरलेलं सपाट कातळ. सप्टेंबरचे दिवस होते. कातळावर बारीक जांभळी फुलं आली होती म्हणतात, पण आम्हाला आमच्या पुढचं चाकसुद्धा धड दिसत नव्हतं, एवढं धुकं. सड्यावर पवनचक्क्या आहेत. त्याही दिसत नव्हत्या. फक्त ऐकू येत होत्या. डोक्यावर कुठंतरी एक अजस्र पातं खाली यायचं, हवा कापली जायची, घुऊप्, आणि ते वर जातं न जातं तोच दुसरं. ऐकून ऐकून आपलाच श्वास त्या तालावर पडायला लागायचा. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

सड्याच्या तोंडाशी धनगराचं एक घर होतं. दारात एक म्हातारी घोंगडं पांघरून उभी होती.

"कुठं निघालासा एवढ्या धुक्याचं?" तिनं विचारलं.

"फिरायला, आजी," मी म्हटलं.

"आमची म्हस काल सांजंपासनं आली न्हाई." ती आमच्याकडं नाही, आमच्या मागच्या पांढऱ्या भिंतीकडं बघत होती. "ढोरकड्याकडं गेली आसंल. त्या अंगाला जाऊ नगासा. नवा रस्ता केलाय त्येंनी तिकडं. लई ग्वाड रस्ता हाय, पर कुठंच जात न्हाई."

"अकरापर्यंत धुकं उठेल," मॅडम म्हणाल्या.

धुकं त्या दिवशी उठलंच नाही.

आम्ही पाच उमेदवार होतो. आमची गिऱ्हाइकं म्हणून मॅडमनी कराडच्या एका सायकल क्लबातली आठ-नऊ मंडळी आणली होती, म्हणजे खऱ्या माणसांना सांभाळायची सवय व्हावी. उमेदवारांनी आळीपाळीनं पुढारपण करायचं आणि मॅडमनी बघायचं. मॅडमचं बघणं मोठं विलक्षण होतं. पन्नाशी उलटलेली बारीक चणीची बाई, तोंडावर रेघ हलायची नाही. कधी पुढं असायच्या, कधी शेवटी, कधी मध्येच कुठून तरी उगवायच्या. परीक्षा चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. कुणी चुकलं तर चुकू द्यायचं. "सांगितलेलं विसरतं, भोगलेलं विसरत नाही," हे त्यांचं वाक्य सयाजीनं दुकानात खडूनं लिहून ठेवलं होतं. त्यांचं त्याला भारी कौतुक.

धुक्यात माणसं हरवू नयेत म्हणून या धंद्यात एक साधी रीत आहे. फाटा आला की नेत्यानं थांबायचं आणि आपल्या लगेच मागं जो असेल त्याला तिथं उभा करायचा. त्याला आम्ही खांब म्हणायचो. खांबानं येईल त्याला वाट दाखवायची आणि सगळ्यात शेवटचा माणूस येईपर्यंत जागचं हलायचं नाही. शेवटच्या माणसाला शेपूट म्हणायचं. शेपटीच्या अंगात भडक नारिंगी जॅकेट असतं, म्हणजे धुक्यातसुद्धा चुकामूक नको. नारिंगी दिसलं की खांबानं समजायचं, मागं कोणी उरलं नाही, आणि शेपटीसोबत निघायचं. शेंबड्या पोरालाही कळेल अशी रीत. म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास.

दुसऱ्या टप्प्यात नेता मी होते आणि शेपूट सयाजी.

निघण्याआधी एका देवळीपाशी, म्हणजे बुटक्या दगडी देवळापाशी थांबलो होतो. मी पुढं जाऊन वाट बघून आले, मागं काय चाललंय ते मला दिसलं नाही. परत येऊन माणसं मोजली, पुरी भरली. शिट्टी फुंकली आणि निघालो.

वाट चिखलाची होती. लाल, निसरडा चिखल. थोडं गेल्यावर फाटा आला. उजवीकडची वाट अरुंद, दगडाधोंड्यांची, पण आमची तीच. डावीकडं मात्र रुंद, मुरूम टाकून दाबलेला छान रस्ता जात होता. म्हातारी म्हणत होती तो हाच, हे मला लगेच कळलं. माझ्या मागं कोल्हापूरचा मगदूम होता, आमच्यातलाच एक उमेदवार, अंगानं दांडगा आणि डोक्यानं शांत.

"मगदूम, तू खांब," मी म्हटलं. "सगळ्यांना उजवीकडं. डावीकडं कुणालाही जाऊ द्यायचं नाही. शेपूट दिसल्याशिवाय हलू नको."

"मी कशाला हलतोय?" तो म्हणाला आणि सायकल आडवी धरून उभा राहिला.

मी पुढं गेले. पुढच्या पवनचक्कीच्या बुंध्याशी थांबायचं ठरलं होतं. तिथं वारा कमी लागतो. एकेक जण धुक्यातून येत गेला. मॅडमही आल्या आणि सायकल टेकवून एका बाजूला उभ्या राहिल्या. सगळ्यांत शेवटी नारिंगी ठिपका दिसला आणि त्याच्या शेजारी मगदूम.

"शेपूट आली!" मगदूम ओरडला.

मला हायसं वाटलं. खरंच सांगते, आधी हायसंच वाटलं. मग नारिंगी जॅकेटवाल्यानं हेल्मेट काढलं. तो सयाजी नव्हता. ते क्लबातले पेडणेकर काका होते, बँकेतून निवृत्त झालेले.

"काका, हे जॅकेट?"

"सयाजीरावांनी दिलं." काकांचे दात अजून वाजत होते. "मघाशी देवळीपाशी मला हुडहुडी भरली होती. मी नको नको म्हटलं, पण त्यांनी अंगावर घालूनच दिलं. फार भला माणूस."

"आणि सयाजी कुठाय?"

"मागं आहेत ना. डॉक्टर मुजावरांचं चाक बसलं, ते दोघं थांबले. मला म्हणाले, काका, तुम्ही व्हा पुढं, गारठाल."

मगदूमचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नारिंगी बघितलं," तो म्हणाला. "उज्ज्वला, मी फक्त नारिंगी बघितलं."

त्याला काय बोलणार? त्याला तेच शिकवलं होतं. मीही तेच सांगितलं होतं. फाट्यावर आता कोणी नव्हतं, आणि मागून येणाऱ्या दोघांपुढं दोन वाटा होत्या, एक दगडाधोंड्यांची आणि एक गोड.

"शिट्टी वाजवेल ना तो," कुणीतरी म्हणालं. "शेपटीकडं शिट्टी असते."

पेडणेकर काकांनी जॅकेटच्या खिशात हात घातला आणि शिट्टी बाहेर काढली. वरून पातं खाली आलं, घुऊप्, आणि वर गेलं.

मी मॅडमकडं पाहिलं. माझ्याकडून आता काय होतंय ते त्या बघत होत्या. मला वाटत होतं, सायकल उचलावी आणि भन्नाट मागं पळावं. पण मी पळाले असते तर इथले आठ जण कुणाच्या भरवशावर सोडायचे होते? मी उरलेल्या दोन उमेदवारांना बुंध्याशी ठेवलं आणि सांगितलं की मंडळींना एकमेकांना चिकटून बसवा, मी येईपर्यंत कुणीही लघवीलासुद्धा उठायचं नाही. मगदूमला बरोबर घेतलं. मॅडम न सांगता आल्या.

आम्ही फाट्यापर्यंत चालतच गेलो. चाकांवर बसायचा माझा धीर झाला नाही. फाट्यावर वाकून पाहिलं. चिखलात दोन चाकोऱ्या होत्या, ताज्या, पाणीसुद्धा भरलं नव्हतं त्यांत. दोन्ही डावीकडं वळल्या होत्या.

"सयाजीऽऽ!" मी शिट्टी फुंकून ओरडले. माझाच आवाज दहा पावलांवर जाऊन मेला.

"घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या. परीक्षा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्या काही बोलल्या. "पुढं तारेचं कुंपण आहे, रस्ता अडवून घातलेलं. कुंपण लागलं की ते मागं फिरतील. वाटेतच भेटतील बघ."

त्यांच्या आवाजात एवढा ठामपणा होता की मलाही क्षणभर खरं वाटलं. आम्ही भराभर चालू लागलो. रस्ता खरंच गोड होता. पायाखाली खडा लागत नव्हता, आणि हळूहळू उतार लागला होता. अशा उतारावर मागं पडलेला माणूस काय करेल? गाठायची घाई म्हणून सायकल सोडून देईल. वाटेत कोणी भेटलं नाही. थोड्या वेळानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीत दोन खड्डे दिसले, खांब उपटून नेल्यावर राहतात तसले. तारेचा तुकडाही नव्हता. कुणीतरी सगळं भंगारात घातलं होतं.

मॅडम त्या खड्ड्यांपाशी थबकल्या. "इथं होतं," त्या म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात इथंच होतं."

त्यांचा चेहरा मी तोवर कधी हललेला पाहिला नव्हता. मी झपाझप पावलं उचलली. कारण त्यांनाच जर ठाऊक नसेल, तर मग कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढं समोरून वारा यायला लागला, खालून वर येणारा, गार, ओल्या गवताचा आणि कसल्या तरी सडक्या वासाचा. रस्त्यात काहीतरी आडवं पडलं होतं. सयाजीची सायकल. पडलेली नव्हती, नीट आडवी टाकलेली होती, मागचा लाल दिवा आमच्याकडं करून. पुढं येऊ नका, म्हणून. आणि तिच्या पलीकडं जमिनीवर त्याचे पाय दिसले. बूट, पोटऱ्या, कंबर. त्याच्यापुढं धुकंच होतं. छाती आणि हात कड्याच्या पलीकडं गेलेले.

मी पोटावर आडवी झाले आणि सरपटत त्याच्या बाजूला गेले.

"आलीस व्हय," सयाजी म्हणाला. त्यानं मान वळवली नाही. "फाट्यावर खांब न्हवता, मला वाटलं हीच वाट. शिट्टीबी न्हवती गं माझ्याकडं."

खाली, हातभर अंतरावर, गवताच्या उतरत्या कपारीवर डॉक्टर मुजावर पालथे पडले होते. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा सयाजीच्या उजव्या मुठीत होता. डॉक्टरांच्या पायांखाली काही नव्हतं. त्यांची सायकल कुठंच दिसत नव्हती. ते डोळे मिटून पुटपुटत होते.

"डॉक्टर, हलू नका," मी म्हटलं. "आम्ही आलोय."

"मला खाली बघायला सांगू नका," ते म्हणाले, एवढंच.

माझ्या पिशवीत सायकल ओढायचा दोर होता. मगदूमनं तो कमरेला बांधला आणि मॅडमनी आणि मी त्याचं दुसरं टोक धरून कातळाला टाचा रोवल्या. मगदूम कपारीवर उतरला, डॉक्टरांच्या काखेत हात घालून त्यांना वर रेटलं. वर आल्यावर डॉक्टर बराच वेळ जमिनीला कवटाळून पडले होते. सयाजीला मात्र उठवावं लागलं. डॉक्टर सुटले तरी त्याची मूठ सुटली नव्हती. पट्टा कापावा लागला.

मी सयाजीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडायला लागले. "जॅकेट देतोस? मुडद्या, जॅकेट देतोस?"

"म्हातारा माणूस कुडकुडत हुता, उजे," तो म्हणाला.

मी डोळे पुसले आणि त्याची सायकल उचलली.

फाट्याकडं परत येताना मगदूम डॉक्टरांना धरून पुढं चालला होता. सयाजी त्यांच्या मागं. मॅडम माझ्या बरोबर होत्या. त्या जरा मागं रेंगाळल्या. मग म्हणाल्या, "एक सांगायला हवं तुला. जॅकेट देताना मी पाहिलं होतं."

मी थांबले.

"देवळीपाशी. मी समोरच होते. नेत्याला कधी कळतं ते बघायचं होतं मला. डोकी मोजतो की कपडे मोजतो, ही खरी परीक्षा असते. शिकवून येत नाही ते."

"तुम्ही पाहिलं होतं," मी म्हटलं.

"डावीकडं कुंपण आहे असं मी धरून चालले होते. कुंपण असतं तर काहीच झालं नसतं. फार तर अर्धा तास उशीर."

"तुम्ही पवनचक्कीपाशी माझ्या शेजारी उभ्या होता, मॅडम. एकेक माणूस येत होतं. तुम्हाला माहीत होतं की नारिंगी जॅकेटात सयाजी नाही."

"हो."

"एक शब्द बोलला असता तर मी कुणाला तरी मागं धाडून मगदूमला फाट्यावरच ठेवलं असतं."

"हो," त्या म्हणाल्या. सारवासारव केली नाही, तेवढं त्यांचं मानलं पाहिजे. पण तेव्हा मला मानायचं नव्हतं. पुढं सयाजी उजवा हात डाव्या बगलेत दाबून चालत होता, आणि तो असा चालत होता ते या बाईच्या नेमापायी.

"तुमच्याकडून मला काही शिकायचं नाही," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. पुढच्या तिघांनी वळून पाहिलं.

सयाजी मागं आला. "मॅडमनी काय केलं? गप बस की," तो मला दटावून म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं, मॅडमच्या देखत. मला वाटलं, आता याचे डोळे उघडतील. त्यानं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले.

"मग बराबर हाय त्येंचं. परीक्षा म्हनल्यावर मास्तर सांगंल व्हय? चूक माझी हाय. आता जन्मात इसरायचो न्हाई बघ."

मला त्याची भीती वाटली. ढोरकड्यावर पालथा पडलेला सयाजी पाहून वाटली नव्हती एवढी भीती त्याच्या त्या वाक्यानं वाटली. मॅडमनी त्याला खाली उडी मार म्हटलं असतं, तरी यानं त्यातून काय शिकायचंय तेच विचारलं असतं.

संध्याकाळी खालच्या गावात, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या पडवीत, सगळे चहाला बसलो. डॉक्टरांचा खांदा दुखावला होता, त्यांना क्लबातली मंडळी कराडला घेऊन गेली होती. पडवीत आम्ही पाच उमेदवार आणि मॅडम. घरधनीण काकूंनी चहा आणि भाजलेले शेंगदाणे ठेवले. कुणी शेंगदाण्यांना हात लावला नाही.

"आज जे झालं त्याला मी जबाबदार आहे," मॅडम म्हणाल्या. "मी तसं वर, प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेला कळवणार आहे. त्यानंतर मला शिकवू देतील न देतील, ते पुढचं पुढं. तोवर वर्ग ठरल्याप्रमाणं चालेल. ज्यांना परत जायचंय त्यांनी आत्ताच जावं, कुणी काही म्हणणार नाही. ज्यांना दोन दिवसांचं हवंय त्यांचं उद्या संपेल. सहा दिवसांचं ज्यांना करायचंय त्यांनी हात वर करा."

दोघांनी माना खाली घातल्या. मगदूमनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "माझं दोनच, मॅडम. मला रस्त्यावरचंच बरं," आणि कुणी हसेल की काय म्हणून सगळ्यांकडं पाहिलं. कुणी हसलं नाही.

सयाजीनं हात वर केला. डावा. तो उजव्या हाताचा माणूस. उजवा त्यानं मांडीवर ठेवला होता, आणि त्याची बोटं अजून वळलेलीच होती, पट्टा धरल्यासारखी. त्यानं ती उघडायचा प्रयत्न केला, उघडेनात, तेव्हा त्यानं हात मांडीखाली सारला आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. असला हा माणूस. उद्या कुणी कुडकुडताना दिसलं तर हा पुन्हा अंगावरचं काढून देणार होता, आणि मॅडम पुन्हा गप्प राहून बघणार होत्या. त्या दोघांच्या मध्ये कुणीच नसणार होतं.

मी हात वर केला.

"तू?" मॅडम म्हणाल्या. "मघाशी तर म्हणालीस, माझ्याकडून काही शिकायचं नाही."

"ते अजूनही म्हणते."

"मग सहा दिवस कशाला थांबतेस?"

"इथं मध्येच बोलणारं कुणीतरी पाहिजे म्हणून."

"उजेऽ," सयाजी दबक्या आवाजात म्हणाला. मगदूमनं कप खाली ठेवला. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मीही नजर काढली नाही. आता ही बाई मला हाकलून देणार, याची माझी खात्री झाली होती, आणि मग सयाजी एकटाच तिच्यासोबत जाणार होता.

"उद्यापासून तू माझ्या मागंच राहा," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि मी गप्प बसले की बोल."

मला दुसऱ्याच दिवशी सकाळी बोलावं लागलं.